न धुतलेले पेंग्विन : केपटाऊन, जून 2000

जहाज बुडालं ते नेमकं नको त्या जागी आणि नको त्या महिन्यात. 'ट्रेझर' हे पनामाच्या झेंड्याखालचं मालवाहू जहाज ब्राझीलहून चीनकडे सुमारे 1,40,000 टन लोहखनिज घेऊन निघालं होतं. केपच्या हिवाळी समुद्रात त्याच्या कुशीला भगदाड पडलं. खलाशांना उतरवून घेतलं, जहाज ओढून लांब न्यायचा प्रयत्नही झाला. पण 23 जून 2000 रोजी ते केपटाऊनसमोर, रॉबेन आणि डासेन या दोन बेटांच्या मधल्या पाण्यात तळाला गेलं. खनिजाचं जे व्हायचं ते झालं. खरी धास्ती होती जहाजाच्या स्वतःच्या इंधनाची. सुमारे 1,300 टन जाड, काळं बंकर तेल समुद्रात आलं.

रॉबेन बेट आपल्याला ठाऊक असतं ते नेल्सन मंडेलांच्या तुरुंगामुळे. पक्ष्यांच्या अभ्यासकांना ते आणखी एका गोष्टीसाठी ठाऊक आहे. तिथले पेंग्विन सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. 1983 मध्ये मोजक्या जोड्या आपण होऊन परत आल्या आणि पुढच्या सतरा वर्षांत तिथे हजारो घरटी झाली. 2000 साली डासेनची वसाहत आफ्रिकन पेंग्विनांची जगातली सर्वांत मोठी आणि रॉबेनची तिसऱ्या क्रमांकाची होती. तेल या दोन्हींच्या मध्ये सुटलं. जगात जेवढे आफ्रिकन पेंग्विन उरले होते, त्यांतले सुमारे 40 टक्के एकाच वेळी धोक्यात आले. त्यातून जून म्हणजे विणीचा ऐन हंगाम. बिळाबिळांत अंडी, पिल्लं, आणि आई-बापांपैकी एक जण रोज समुद्रात मासे आणायला जाणारा.

या प्रकरणाबद्दल लिहिलं जातं तेव्हा साबणाच्या फेसातला पेंग्विन आणि त्याला दोन्ही हातांनी धरून बसलेली मुलगी असं चित्र पुढे येतं. ते खोटं नाही. पण मला वाटतं, या मोहिमेतला सर्वांत शहाणा निर्णय ज्या पक्ष्यांबद्दल घेतला गेला, त्यांना साबणाचा थेंबही लागला नाही. त्याकडे यायच्या आधी तेल नेमकं काय करतं, ते बघू.

तेल पक्ष्याला मारतं कसं

राणीच्या बागेत काचेआड दिसतात ते हम्बोल्ट पेंग्विन. आफ्रिकन पेंग्विन त्यांचाच चुलतभाऊ. वजन तीन किलोच्या आसपास, उंची दोन फुटांहून थोडी जास्त, आवाज थेट गाढवाचा. बर्फाशी याचा संबंध नाही, पण केपच्या पश्चिम किनाऱ्याचं पाणी चांगलंच गार असतं आणि तिथे तासन्‌तास पोहायचं तर अंग कोरडं राहायला हवं. ते कोरडं ठेवतात पिसं. पिसांच्या बारीक तंतूंना त्याहून बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकले की घट्ट विणीच्या कापडासारखा थर होतो. त्याच्याखाली हवा कोंडून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही.

तेलाने हे आकडे चिकटतात आणि विणीला भोकं पडतात. हाताच्या पंजाएवढा डाग असला तरी तेवढ्या जागेतून थंड पाणी आत शिरतं. पक्षी गारठतो, म्हणून किनाऱ्यावर येतो. किनाऱ्यावर आला की उपाशी राहतो, कारण त्याचं अन्न पाण्यात असतं. आधी अंगातली चरबी संपते, मग स्नायू झडू लागतात. या सगळ्या काळात तो चोचीने पिसं साफ करत राहतो, कारण पिसं बिघडली की तेच करायचं एवढंच त्याला माहीत. त्या नादात तेल पोटात जातं. आतड्याला इजा होते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो. म्हणजे पक्षी बाहेरून काळा दिसतो तेव्हा आतूनही तो आजारी असतो. असा पक्षी हातात आल्या आल्या धुवायला घेणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला तासभर शॉवरखाली उभं करण्यासारखं आहे. नवख्या माणसाचा पहिला ओढा मात्र हमखास तिकडेच असतो.

पेंग्विनांच्या बाबतीत एक गोष्ट वाचवणाऱ्यांच्या बाजूने होती. तो उडत नाही. तेल लागलेला पाणकावळा अंगात त्राण असेपर्यंत माणसाला जवळ येऊ देत नाही, आणि सापडतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पेंग्विन किनाऱ्यावर येऊन उभा राहतो. शिवाय तो चिवट आहे, बंदिवास बऱ्यापैकी सोसतो. 'ट्रेझर'चे आकडे वाचताना हे डोक्यात ठेवायला हवं. युरोप-अमेरिकेत तेलातून धुऊन सोडलेल्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांच्या पायांतल्या ओळखीच्या कड्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतले बरेच काही दिवसांत किंवा आठवड्यांतच मेल्याचं दिसलं होतं. तिथल्या काही शास्त्रज्ञांनी तर हा सगळा खटाटोप माणसाच्या मनाच्या समाधानासाठी असतो, असा आक्षेप घेतला होता. तो आक्षेप सर्वस्वी चूक नव्हता. पक्ष्याच्या जातीनुसार त्याचं उत्तर बदलतं, एवढंच.

सहा वर्षांपूर्वीची चूक

केपटाऊनला हा प्रकार नवा नव्हता. 1967 मध्ये सुएझ कालवा बंद झाला आणि तेलवाहू जहाजांची रीघ केपला वळसा घालून जाऊ लागली. 1968 मध्ये 'एसो एसेन' या टँकरच्या तेलात पेंग्विन सापडले. तेव्हा अल्थिया वेस्टफाल या बाईंनी घरच्या घरी पक्ष्यांची शुश्रूषा सुरू केली आणि त्यातून किनारी पक्ष्यांसाठी काम करणारी सॅनकॉब ही संस्था उभी राहिली. म्हणजे 2000 साली शहरात तीन दशकांहून जास्त अनुभव असलेली संस्था हजर होती. स्वयंसेवक हजारोंनी आले ते पुढे, पण त्यांना काय करायचं ते सांगणारं कुणीतरी आधीपासून होतं. माझ्या मते बाकी सगळं यावर उभं होतं.

आणि पाठीशी एक अपयशही होतं. जून 1994 मध्ये, म्हणजे अगदी त्याच ऋतूत, 'अपोलो सी' हे लोहखनिजाचंच जहाज सर्व 36 खलाशांसह त्याच भागात बुडालं. सुमारे 10,000 पेंग्विन तेलात माखले. त्यांतले जवळपास निम्मे दगावले, आणि सगळे तेलानेच मेले असं नव्हे. पक्षी बेटावरून आणताना दाटीवाटीने भरले गेले, हवा खेळती राहिली नाही, आणि कित्येक वाटेतच गेले. तेलाची वाफ, भेदरलेली शरीरं, बंद जागा. पेंग्विन थंडीने मरेल ही भीती सगळ्यांना होती; बंद गाडीत तो उष्म्याने गुदमरेल हे पुरेसं लक्षात आलं नव्हतं.

ती किंमत वाया गेली नाही. 2000 मध्ये भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके वापरले गेले, खोक्यात मोजकेच पक्षी, खोके हवा लागेल असे रचलेले. वाचवणाऱ्या मंडळींच्या गोष्टींत पुठ्ठ्याच्या खोक्याला क्वचितच जागा मिळते. इथे ती द्यायला हवी.

'अपोलो सी'ने आणखी एक गोष्ट हाती दिली होती. धुऊन सोडलेल्या पक्ष्यांपैकी सुमारे 4,000 पक्ष्यांच्या पंखांना क्रमांकाचे धातूचे पट्टे बांधले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश पुन्हा बेटांवर दिसले. त्यामुळे 'ट्रेझर' बुडालं तेव्हा "धुऊन खरंच उपयोग होतो का?" या प्रश्नावर वेळ घालवावा लागला नाही. आफ्रिकन पेंग्विनांपुरतं उत्तर हातात होतं.

तीन रांगा

तेल आधी रॉबेनला पोहोचलं. काही दिवसांतच ते उत्तरेला डासेनकडे सरकतंय हे स्पष्ट झालं. आता बेटांवर तीन तऱ्हेचे पक्षी होते. तेलात माखलेले. अजून स्वच्छ असलेले, पण उद्या-परवा समुद्रात उतरले की माखणारे. आणि बिळांतली पिल्लं.

माखलेल्यांना उचलायचं, याबद्दल वाद नव्हता. प्रश्न दुसऱ्या गटाचा होता. त्यांना बेटावर कुंपणात कोंडून ठेवलं तर खायला कोण आणि काय घालणार? मोकळं सोडलं तर ते भुकेपोटी थेट तेलात उतरणार. पकडून केंद्रात आणले तर आधीच भरलेल्या जागेत निरोगी पक्ष्यांची भर पडणार, आणि दाटीत पेंग्विनांना फुप्फुसाचा बुरशीचा रोग लागतो, पायांना फोड येतात.

मग ठरलं ते असं: स्वच्छ पक्षी गोळा करायचे, ट्रकमध्ये घालायचे आणि पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ केप रेसिफच्या किनाऱ्यावर नेऊन समुद्रात सोडायचे. रस्त्याने हे अंतर सातशे किलोमीटरहून जास्त आहे. हिशेब साधा होता. पेंग्विन घरचा पक्का असतो, त्याच जागी, त्याच जोडीदाराकडे परततो. तो पोहत परत येणारच. पण यायला त्याला दोन-तीन आठवडे लागतील, आणि तेवढ्यात इकडचं तेल काढता येईल. म्हणजे पक्ष्याच्या घरओढीलाच घड्याळ म्हणून वापरलं. ट्रकही खास नव्हते. मेंढ्या वाहून नेणारे, मजल्यामजल्यांचे, चहूबाजूंनी हवा लागणारे ट्रक कामी आले.

असे सुमारे 19,500 पक्षी हलवले गेले. सुमारे 19,000 माखलेले पक्षी केपटाऊनच्या केंद्रांत आले. दोन्ही गट जवळजवळ सारखे. फरक असा की माखलेल्या एकेका पक्ष्यामागे कित्येक आठवड्यांची माणसांची मेहनत, मासळी, गरम पाणी, औषधं लागली; स्वच्छ पक्ष्याला लागला तो एक खोका, एक रात्रीचा प्रवास आणि किनाऱ्यावरचा मोकळा उतार. फोटो मात्र माखलेल्यांचेच निघाले.

स्वच्छ पक्ष्यांपैकी तिघांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली होती. पीटर, पर्सी आणि पामेला. ते रोज कुठवर पोहोचले याचे नकाशे केपटाऊन विद्यापीठातल्या लेस अंडरहिल यांच्या गटाने इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, आणि जगभरातले लोक सकाळी उठून आधी पेंग्विन कुठे आहेत ते पाहू लागले. 2000 सालचं इंटरनेट आठवा. तेव्हा हे अप्रूपच होतं. पीटर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रॉबेनला पोहोचला. नकाशांमुळे लोकांचा जीव गुंतला हे खरं, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं: बेटं साफ करणाऱ्यांना हातात किती दिवस आहेत ते त्यावरून कळत होतं.

पिल्लांचं काय? आई-बाप पकडले गेले की पिल्लू उपाशी मरणार, हे पकडणाऱ्यांना ठाऊक होतं. प्रौढ पक्षी अनेक हंगाम वीण घालू शकतो, पिल्लू मोठं होईपर्यंत जगेल याची खात्री नसते, म्हणून वजन प्रौढाच्या बाजूने पडलं. सुमारे 3,350 पिल्लं हाताने वाढवण्यासाठी आणली गेली. 4,000 हून अधिक मेली. हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण बिळासमोर गुडघे टेकून तो अमलात आणणाऱ्यांना तो सोपा गेला नसणार.

गोदामातली गर्दी

सॅनकॉबचं केंद्र एवढ्यांसाठी बांधलेलंच नव्हतं. शहरातल्या सॉल्ट रिव्हर भागात रेल्वेच्या दुरुस्तीचं एक मोठं रिकामं गोदाम मिळालं. काही दिवसांत तिथे पाण्याची सोय, पक्ष्यांसाठी कप्पे, धुण्याच्या जागा, मासळी वितळवण्याची जागा उभी राहिली, आणि माखलेल्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य तिथेच राहिले. प्राण्यांच्या कल्याणासाठी काम करणारी आयफॉ ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि कॅलिफोर्नियातली इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू यांची अनुभवी माणसं विमानाने आली. जे हॉलकम हे त्यांच्यातले एक प्रमुख. बाहेरून आलेली अशी जाणती माणसं शंभराहून थोडी जास्त. बाकीचे सगळे शहरातले लोक. एकूण स्वयंसेवक बारा हजारांवर गेले.

बारा हजार हा आकडा ऐकायला छान वाटतो. गोदामाच्या दारात उभं राहून पाहिलं तर तो संकटासारखा वाटेल. एवढ्या लोकांना उभं कुठे करायचं, काय शिकवायचं? कुणाला हात लावू द्यायचा आणि कुणाला नाही? रानातला पक्षी माणसाला भक्षक समजतो. प्रेमाने कुरवाळणारा हातही त्याच्या दृष्टीने भक्षकाचाच असतो. आजारी पक्ष्याभोवती बोलणारे, फोटो काढणारे, "आई गं, बिचारा" म्हणणारे दहा जण जमणं हीच त्याला इजा. त्यामुळे अशा कामात पहिला धडा असतो गप्प राहण्याचा आणि पक्ष्याकडे टक लावून न बघण्याचा. लोकांना हाच सर्वांत जड जातो.

आता नुसतं भरवण्याचं गणित करून बघा. पेंग्विनाला दिवसाला साधारण अर्धा किलो मासळी लागते. 19,000 पक्षी म्हणजे दिवसाला साडेनऊ टन. आणि ही मासळी त्यांच्यासमोर टाकून चालत नाही. रानातल्या पेंग्विनाला मासा म्हणजे पाण्यात चमकणारी, पळणारी गोष्ट. ताटात पडलेला मेलेला सार्डिन हे अन्न आहे हे त्याच्या गावी नसतं. म्हणून हाताने भरवायचं. पक्ष्याला गुडघ्यांत धरायचं, एका हाताने डोकं स्थिर करून चोच उघडायची आणि मासा डोक्याच्या बाजूने, जिभेच्या मागे सरकवायचा. शेपटीकडून घातला तर कल्ले-खवले घशात अडकतात. एका पक्ष्याला दोन मिनिटं धरली, तरी एका वेळच्या भरवण्याला 630 तासांहून जास्त होतात. आठ तासांची पाळी धरली तर ऐंशीच्या आसपास माणसं, न थांबता, फक्त एका जेवणासाठी. यात मासळी वितळवणं नाही, कप्प्यातली विष्ठा काढणं नाही, कप्प्यांवरच्या नोंदींच्या पाट्या बदलणं नाही.

गोठवलेली मासळी आणखी एक काम वाढवते. तिच्यातलं थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व कमी होत जातं, म्हणून ते गोळीने वेगळं द्यावं लागतं. नाही दिलं तर भरपूर खाणाऱ्या पक्ष्यालाही झटके येऊ शकतात.

आणि पेंग्विन चावतो. चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं आणि कडा धारदार, त्यामुळे तो नुसता चिमटा घेत नाही, मांस फाडतो. जाड हातमोजे घालूनही स्वयंसेवकांचे हात, मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. पंखांचा फटका म्हणजे पट्टीचा फटका. ज्याला तुम्ही वाचवायला निघालात, त्याला तुम्ही नको आहात, ही गोष्ट पहिल्या तासातच कळते. त्यानंतरही जो दुसऱ्या दिवशी येतो, तो खरा उपयोगाचा.

काम चाललं ते गर्दीच्या उत्साहावर नव्हे, गर्दीच्या वाटणीवर. थोड्या जाणत्यांनी थोड्यांना शिकवलं, त्यांनी पुढच्यांना. काहींनी महिनाभरात एकाही पेंग्विनाला हात लावला नसेल: मासळीचे खोके फोडले, टॉवेल धुतले, कामकऱ्यांचं जेवण रांधलं, गाड्या चालवल्या. जखमी पाणपक्ष्यांच्या कुठल्याही मोठ्या कामात पक्ष्याला हात लावणारा एक आणि त्याच्या मागे हे सगळे, असंच असतं. लोक येतात पक्षी धरायला. त्यांतल्या बहुतेकांना झाडू धरायला लावणं आणि तरीही ते उद्या येतील असं बघणं, हे कौशल्य पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात नसतं.

धुणं आणि त्यानंतरची वाट

धुण्याची पाळी यायच्या आधी पक्ष्याला उब, नळीने पाणी आणि क्षार, मग आहार. पोटातलं तेल शोषून घेण्यासाठी कोळशाची पूड. रक्त तपासून पंडुरोग आटोक्यात आहे आणि पक्ष्याच्या अंगात जोर आहे असं दिसलं की मग टब. दिवसाला पाचशे पक्षी धुतले तरी 19,000 पक्ष्यांना 38 दिवस लागणार. म्हणजे कित्येकांना आठवडेच्या आठवडे तेलकट अंगानेच थांबावं लागलं. त्यांना तेवढा वेळ जगवणं हे धुण्याहून मोठं काम होतं.

पाणी पक्ष्याच्या अंगाइतकं गरम, चाळीस अंशांच्या आसपास. त्यात भांडी घासायचा साबण. एका टबातलं पाणी काळं झालं की पक्षी पुढच्या टबात, तिथून पुढच्या. डोक्याला आणि डोळ्यांभोवती दात घासायचा मऊ ब्रश. मग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कंटाळवाणा भाग: साबण पूर्ण निघेपर्यंत दाबाच्या पाण्याने धुणं. साबणाचा अंश राहिला तर तोही पिसांची वीण तोडतो, आणि मग तेल काढूनही पक्षी पाण्यात भिजतोच. पाण्याचे थेंब पिसांवरून मण्यांसारखे घरंगळायला लागले की समजायचं, झालं.

झालं म्हणजे धुणं झालं. पिसांची वीण परत बसवायचं काम पक्ष्यालाच करावं लागतं, चोचीने, रोज, पाण्यात उतरून आणि बाहेर येऊन. म्हणून पोहण्याचं तळं नसलेलं केंद्र पेंग्विनाला धुऊ शकतं, बरं करू शकत नाही. तळ्यातून बाहेर आल्यावर छातीची पिसं उलटून आतला मऊ थर कोरडा आहे का ते बघायचं. कोरडा असेल, वजन भरलं असेल, रक्त ठीक असेल, तर पंखाला पट्टा आणि समुद्र. नसेल तर पुन्हा तळं.

सगळं आटोपायला सुमारे तीन महिने लागले. माखलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के पक्षी परत सोडले गेले. दोन्ही गट मिळून प्रौढ पक्षी दगावले ते सुमारे 2,000. 1994 च्या निम्म्याशी ही तुलना केली की खोका, जागा, शिकवलेली माणसं आणि आधीचा अनुभव यांनी किती फरक पडला ते दिसतं.

पट्ट्यांनी काय सांगितलं

सोडलेला पक्षी डोळ्यांआड झाला की बहुतेक मोहिमा संपतात. इथे पुढची अनेक वर्षं पट्टे वाचले गेले, म्हणून हे प्रकरण अभ्यासायला हातात राहिलं. धुतलेले पक्षी जगण्याच्या बाबतीत इतरांच्या जवळपास होते. पण पिल्लं वाढवण्यात ते मागे पडले. ज्या जोडप्यात धुतलेला पक्षी होता, त्यांची पिल्लं अंडं फुटल्यावर नव्हे, तर मोठी होत आली असताना जास्त मरत. म्हणजे पोटात गेलेल्या तेलाचा किंवा त्या ताणाचा काहीतरी अंश आत राहिला होता, जो एकट्यापुरतं जगताना जाणवत नसे, पण दोन भुकेली तोंडं भरायची वेळ आली की उघडा पडे. ट्रकने नेलेल्या, न धुतलेल्या पक्ष्यांची पिल्लं जास्त संख्येने उडती झाली... पेंग्विन उडत नाही, पण समुद्रावर जायला तयार झालेल्या पिल्लासाठी दुसरा शब्द मला सापडत नाही.

सर्वांत अनपेक्षित निकाल लागला तो हाताने वाढवलेल्या पिल्लांचा. माणसांच्या हातून मासे खाऊन मोठी झालेली ही पोरकी पिल्लं विणीच्या वयापर्यंत जगण्यात रानात वाढलेल्यांपेक्षा कमी पडली नाहीत आणि पुढे त्यांनी स्वतःची पिल्लंही नीट वाढवली. यातूनच पुढे 2006 पासून सॅनकॉबने आई-बापांनी सोडून दिलेली पिल्लं उचलून वाढवण्याचं काम नेमाने सुरू केलं. तेलगळतीशी त्याचा संबंध नाही: पिसं झडण्याच्या काळात पेंग्विनाला तीन आठवडे जमिनीवर उपाशी बसावं लागतं, त्याआधी त्याला समुद्रात जाऊन स्वतः पुष्ट व्हावं लागतं, आणि उशिरा जन्मलेलं पिल्लू मग मागे राहतं.

पट्ट्यांबद्दल एक कडू गोष्ट नमूद करायला हवी. 2011 मध्ये किंग पेंग्विनांवरचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंखाला पट्टा बांधलेल्या पक्ष्यांचं जगण्याचं प्रमाण 16 टक्क्यांनी कमी आणि पिल्लं 39 टक्क्यांनी कमी निघाली. पोहताना त्या पट्ट्याचा अडथळा होतो. जात वेगळी, पट्टा वेगळा, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण 'ट्रेझर'चे पक्षी कसे जगले हे ज्या साधनाने कळलं, ते साधन पक्ष्यालाच जड जात असावं, ही शंका राहतेच.

तेल गेलं, मासे गेले

इतकं करून पेंग्विन वाचले का? वाचवलेले वाचले. जातीवरचं संकट टळलं नाही. दक्षिण आफ्रिकेत 2001 मध्ये सुमारे 56,000 जोड्या होत्या, 2009 मध्ये सुमारे 21,000 उरल्या. तेलामुळे नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरचे सार्डिन आणि अँकोव्ही पूर्वेकडे सरकले, आणि जे उरले त्यांवर मासेमारीच्या बोटींचा डोळा होताच. उन्हाळी-हिवाळी पोहत जाऊनही आई-बाप रिकाम्या पोटी परतू लागले. ऑक्टोबर 2024 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आफ्रिकन पेंग्विनाला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं. तेव्हा जगभरात 10,000 पेक्षा कमी जोड्या उरल्या होत्या. मार्च 2025 मध्ये प्रिटोरियातल्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवतीच्या पाण्यात सार्डिन आणि अँकोव्ही पकडायला दहा वर्षांची बंदी आली. त्या सहांत रॉबेन आणि डासेन आहेत.

त्याच यादीत पोर्ट एलिझाबेथसमोरचं, अल्गोआ उपसागरातलं सेंट क्रॉय बेटही आहे. या शहराचं नाव आता गेबेऱ्हा. पश्चिमेकडचे पक्षी घटले तसं सेंट क्रॉय जगातली सर्वांत मोठी वसाहत झालं होतं. 2016 पासून याच उपसागरात जहाजांना भर समुद्रात इंधन भरून द्यायला सुरुवात झाली. जहाजांची वर्दळ आणि गोंगाट वाढला, अधूनमधून तेल सांडलं, पेंग्विन माखले, आणि काही वर्षांत सेंट क्रॉयची वसाहत कोसळली. उपसागराच्या तोंडाशी केप रेसिफ आहे. 2000 सालच्या जुलैत मेंढ्यांच्या ट्रकमधून आणलेले पक्षी इथलं पाणी स्वच्छ म्हणून इथे सोडले होते. आता तिथे सॅनकॉबचं केंद्र आहे, आणि त्याच्या तळ्याकाठी उपसागरातून आणलेले पेंग्विन पिसं सुकवत असतात.